अंजनेरीचा बाजार कुठे गेला?

गंगाघाट (धागाकर्ता)

अंजनेरी म्हटलं की आपल्याला आठवतं ते हनुमानाचं जन्मस्थान, पावसाळी ट्रेक आणि पायथ्याशी गाडी लावायची मारामारी. गडावर जाणाऱ्या शंभरातले पाचसुद्धा खालच्या पडक्या मंदिरांकडे वळत नाहीत, आणि वळलेच तर फोटो काढून निघतात. मला बोलायचंय ते त्या मंदिरांबद्दल नाही, त्यांना पोसणाऱ्या बाजाराबद्दल.

तिथे जैन आणि हिंदू मिळून सोळा मंदिरांचे अवशेष आहेत. त्यातल्या एका जैन मंदिरात शके १०६३ चा, म्हणजे इ.स. ११४१-४२ चा शिलालेख आहे, यादव राजा तिसरा सेऊणचंद्र याच्या काळातला. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिराला दिलेल्या दानाची ती नोंद आहे. दान म्हटलं की जमीन, गाव, गाई असं काहीतरी डोक्यात येतं. इथे दान दिलीत दुकानं. आता दुकान देवाला द्यायचं म्हणजे त्याचं उत्पन्न देवाला लावून द्यायचं. बंद गाळ्याच्या उत्पन्नातून समईत तेलसुद्धा पडत नाही. म्हणजे तेव्हा अंजनेरीत रोज उघडणारी, पैसा कमावणारी दुकानं होती. आज तिथे चहा, वडापाव, मक्याची कणसं आणि प्लास्टिकचे रेनकोट मिळतात. खरी गर्दी तीही शनिवार-रविवारी.

याच्या चारशे वर्षं आधीचा मामला आणखी रंजक आहे. अंजनेरीलाच हरिश्चंद्र वंशातल्या भोगशक्ती राजाचे ताम्रपट मिळाले, वा. वि. मिराशींनी ते वाचून प्रसिद्ध केले. एका संचावर कलचुरी संवत ४६१ आहे, म्हणजे इ.स. ७१० च्या आसपास. दुसऱ्या संचात समगिरीपत्तन नावाचं उद्ध्वस्त झालेलं शहर पुन्हा वसवल्याची हकीकत येते. वसवलं कसं? तर व्यापाऱ्यांना सवलती देऊन. जकात कायमची माफ. निपुत्रिक व्यापारी वारला तर त्याची मालमत्ता सरकारजमा होणार नाही. राजाचे अधिकारी गावात उतरले तर त्यांच्या राहण्या-जेवणाचा भार व्यापाऱ्यांवर पडणार नाही. (हे शेवटचं कलम आजही कुठल्याही पेठेत मोठ्याने वाचून दाखवा, टाळ्या पडतील.)

समगिरीपत्तन नावाचं गाव आज जिल्ह्याच्या नकाशात नाही. उजाडलं, वसवलं, आणि पुन्हा गेलं.

गाव नाहीसं झालं की आपण आधी हल्ला शोधतो. अमक्याने लुटलं, तमक्याने जाळलं. माझं म्हणणं असं की जळालेलं गाव पुन्हा उभं राहतं, व्यापारी परत आला तर. तो परत आला नाही की चिरेबंदी देवळं असूनही गाव संपतं. भोगशक्तीच्या लोकांना हे नेमकं कळलेलं दिसतं.

तुमच्या भागात अशी मोठी होऊन नाहीशी झालेली गावं असतील तर लिहा. नाशिक जिल्ह्यातली असतील तर उत्तमच.

---

तर्रीबाज

वाचनखूण साठवली. मंदिरं पाहिली होती, दुकानांचं माहीत नव्हतं. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

चिकित्सक_नाना

लेख छान, पण शहर हा शब्द जरा जपून वापरा राव. चार-सहा दुकानं आठवडे बाजाराच्या गावातही असतात. शिलालेखात दुकानं आली म्हणून लगेच बाजारपेठ झाली का? आणि देवळाचं म्हणाल तर एखादा हौशी राजा रानातही देऊळ बांधतो.

---

गंगाघाट

नाना, आठवडे बाजारात पाल असतं. बांबू, ताडपत्री, संध्याकाळी गुंडाळलं की संपलं. पाल कोणी देवाला लावून देत नाही. मालकी असलेलं, पिढ्यान्‌पिढ्या उत्पन्न देईल अशी खात्री असलेलं दुकानच दानपत्रात येतं. एक देऊळ हौसेने होतं, हेही मान्य. सोळा होत नाहीत. त्यातही दोन धर्मांची. एवढे पाथरवट, गाडीवान, पुजारी कोणाच्या जिवावर जगत होते?

---

निवृत्त_तलाठी

सगळी नोकरी महसुलात गेली, म्हणून दोन शब्द.

आमच्या दप्तरात बेचिराग गावं असतात. मौजे आहे, शिव आहे, सातबारा आहे, शेतसारा आहे, पण राहणारं कोणी नाही. जमीन शेजारच्या गावचे लोक कसतात. तरुण तलाठी पहिल्यांदा असा सजा (तलाठ्याच्या हद्दीतली गावं) घेतो तेव्हा गावठाण कुठेय म्हणून विचारत फिरतो आणि लोक हसतात.

अशा गावाची पांढरी (जुन्या वस्तीची जागा) ओळखायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. नांगर काळीतून, म्हणजे शेतजमिनीतून, पांढरीत शिरला की औताच्या माणसाला पायाखाली कळतं. ढेकळं संपतात, राखट भुसभुशीत माती लागते. मग खापऱ्या वर येतात, काळ्या, तांबड्या, काहींवर कुंभाराच्या बोटांच्या रेघा तशाच. जात्याची अर्धी पाळ, फुटका पाटा, कधी काचेची बांगडी. शेतकऱ्याला त्याचं कौतुक नसतं. ती माती खतासारखी चालते म्हणून लोकांनी पांढऱ्याच्या पांढऱ्या गाड्या भरून शेतात पसरल्यात. मी एका ठिकाणी पाहिलं, जिथे टेकाड होतं तिथे खड्डा झालेला.

मारुती तेवढा जागेवर राहतो. पुढे वेस नाही, मागे गाव नाही, आणि मारुतीला शेंदूर ताजा. शेजारच्या गावचा भाऊकीतला कोणीतरी लावतो. त्याला विचारलं की तो सांगणार, आम्ही मूळचे इथले, पटकीत उठलो. दुसरा सांगणार, पेंढाऱ्यांनी उठवलं. तिसरा सांगणार, विहिरी आटल्या. गाव उठल्याची कारणं तीन आणि सांगणारी घरंही तीन.

गंगाघाट, तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण लहान गावं बाजाराने मरत नाहीत, पाण्याने मरतात. बाजाराचा नियम पेठेला लावा.

---

लेणीवेडी

तलाठीकाका, तुमच्या बेचिराग गावाचा एक फार जुना कागद नाशिकमध्येच आहे, तोही दगडावर! पांडवलेण्यात तीन नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे हुकूम कोरलेत. त्याच्या राज्यकाळाच्या १८ व्या वर्षी त्याने डोंगरावरच्या भिक्खूंना काखडी गावातलं शेत दिलं. त्यानंतर २४ व्या वर्षी गौतमीपुत्र आणि राजमाता यांच्या नावाने गोवर्धनच्या श्यामक नावाच्या अमात्याला दुसरा हुकूम जातो. त्यात लिहिलंय की आधी दिलेलं शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसत नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरच्या सरकारी शेतातून शंभर निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) द्या.

सहा वर्षांत राजाने दिलेलं दान निकामी! भिक्खूंनी तक्रार केली असणार, पाठपुरावा केला असणार, बदली जमीन मिळवली, आणि ती पुन्हा अडकू नये म्हणून दगडावर कोरून घेतली. दुसऱ्या शतकातला तो पत्रव्यवहार वाचताना मला तर तहसील कचेरीचा वास येतो.

---

निवृत्त_तलाठी

ताई, बदली जमीन सहा वर्षांत मिळाली असेल तर त्या अमात्याचा सत्कार करायला हवा.

---

गंगाघाट

लेणीवेडी, जबरदस्त. आणि ज्या गोवर्धनला हा हुकूम गेला त्याचंच बघा ना. आज गंगापूरजवळचं गोवर्धन म्हणजे शहराच्या कडेचं एक गाव. दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत मागायचं नाही, व्याजातून भिक्खूंना चीवरं (वस्त्रं) आणि इतर खर्च.

राजाचा जावई ठेव ठेवतो ती राजवाड्यात नाही, कोष्ट्यांकडे ठेवतो. ते गाव म्हणजे पेठ होती यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? आता ती मुद्दल आणि ते व्याज कुठल्या साली बंद झालं असेल, हा विचार मात्र छळतो.

---

चिकित्सक_नाना

गोवर्धन संपलं नाही, शेजारी नाशिक मोठं झालं. दुकान दोन-तीन कोसांवर हललं म्हणून त्याला मरण म्हणायचं का?

---

गंगाघाट

नाशिक मोठं झालं असेल, पण गोवर्धनच्या कोष्ट्याला त्याचा काय उपयोग? त्याला घर सोडावंच लागलं.

---

सिन्नरकर

आमच्याकडचं उदाहरण तुमच्या थिअरीला थोडं आडवं जातं. यादवांची सुरुवात चंद्रादित्यपुराहून, ते चांदवड मानतात. मग पहिल्या सेऊणचंद्राने सेऊणपूर वसवलं, पुढे सिन्नर राजधानी. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने राजधानी देवगिरीला नेली. राजा गेला, दरबार गेला, त्यामागे सराफ, कोष्टी, घोड्यांचे व्यापारी गेले असणार. अंजनेरीचा दानलेख ११४१ चा, म्हणजे राजधानी हलायच्या अर्धशतक आधीचा. त्या हिशेबाने अंजनेरी यादवांबरोबर बसली म्हणायची.

पण मग सिन्नर का नाही बसलं? गोंदेश्वरासारखं देऊळ आहे, तरी गाव नुसत्या देवळावर उरलं नाही. पुढे बिडी आली, आता एमआयडीसी आहे. सिन्नर रस्त्यावर आहे, नाशिक-पुणे वाट कोणीही राजा असला तरी इथूनच जाणार. अंजनेरीची वाट त्र्यंबकला जाते आणि पुढे घाट उतरून कोकणात. पेशव्यांनी त्र्यंबकेश्वराचं नवं देऊळ बांधलं, तीर्थाचा सगळा पैसा तिकडे. वाटेतल्या गावाला कोण विचारतो? यात्रेकरू अंजनेरीला थांबतो तो पाणी प्यायला.

---

चांदवडी_रुपया

चांदवडचं नाव निघालंच आहे म्हणून. आमचं गाव नाहीसं नाही झालं, तालुक्याचं ठिकाण आहे, कोणी गैरसमज करून घेऊ नका. पण होळकरांच्या वेळी चांदवडला टांकसाळ होती, इथला चांदवडी रुपया दूरवर चालायचा. मुंबई-आग्रा वाट दारातून. रंगमहाल बघा, त्या लाकडावरची कोरीव कामं बघा, म्हणजे किती पैसा खेळत होता ते कळेल.

मग रेल्वे आली. थळ घाट चढून १८६५ ला गाडी इगतपुरीला पोचली आणि पुढे नाशिकरोड, निफाड, लासलगाव, मनमाड अशी गेली. चांदवडला आजही स्टेशन नाही. लासलगाव बघा, १९४७ ला बाजार समिती झाली आणि आज देशाच्या कांद्याचा भाव तिथे ठरतो. मनमाडला तर रेल्वेनेच गाव केलं. आमचा कांदा ट्रॅक्टरने तिकडेच जायचा. चांदवडलाही समिती आहे, पण पोरं भाव विचारतात ते लासलगावचे.

माझे आजोबा म्हणायचे, रूळ आमच्या शिवेतून गेले असते तर आज तुम्ही मनमाडला जंक्शन नाही, चांदवडला जंक्शन म्हटलं असतं. डोंगर मध्ये होता त्याला काय करणार!

---

तर्रीबाज

अवांतर: चांदवडच्या घाटात रेणुकामातेच्या देवळाखाली भजी चांगली मिळतात. भजी मात्र रस्त्यामुळेच टिकलीत, हे धागाकर्त्याच्या बाजूने.

---

पाणीखालचे

वाचतेय सगळं. आमच्या आजोळचं गाव धरणात गेलं. कुठलं ते सांगत नाही, त्या खात्याशी अजून वाद चालू आहे.

इथे राजे, राजधान्या, रेल्वे असं मोठं मोठं चाललंय, पण गंगाघाट म्हणतात ते मी लहान प्रमाणात पाहिलंय. आजोळी गुरुवारचा बाजार भरायचा. आजूबाजूच्या पाड्यांवरचे लोक यायचे, डोक्यावर नागलीचं गाठोडं, हातात कोंबडी, पायात काही नाही. आजी म्हणायची, बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर सात-आठ बायका बसलेल्या असायच्या, पाणी मागायला म्हणून यायच्या आणि दुपार तिथेच जायची. शिंपी होता, कल्हईवाला होता, एक सोनार होता जो फक्त चांदीचं करायचा.

पुनर्वसन झालं. नवं गावठाण आखून दिलं, सरळ रस्ते, शाळेची इमारत, देवळाला जागा, प्लॉट नंबरवारी. बाजार कोणी आखला नाही. दोन-तीन गुरुवार लोकांनी मांडून पाहिला. पाड्यांवरचे आलेच नाहीत, त्यांना मध्ये आता पाणी आडवं आलं, वळसा घालून यायचं तर अख्खा दिवस. बाजार पलीकडच्या गावाला गेला. मग शिंपी तिकडे गेला. सोनार नाशिकला पोराकडे. कल्हईवाल्याचं तर तसंही स्टीलने संपवलं होतं.

कागदावर आमचं गाव शंभर टक्के हललं. घरटी प्लॉट मिळाला, काहींना जमीन मिळाली, काहींची अजून अडकलीय. मामा म्हणतो, नवं गाव आहे, पण बसायचं कुठे हेच कळत नाही.

---

निवृत्त_तलाठी

ताई, हे अगदी खरं. पुनर्वसनाच्या आराखड्यात नागरी सुविधांची यादी असते. शाळा, समाजमंदिर, विहीर, स्मशान, गुरांचं पाणी. बाजारतळाला जागा ठेवतातसुद्धा. जागा ठेवता येते, बाजार ठेवता येत नाही. त्याला वारही लागतो आणि शेजारच्या गावांच्या वारांशी तो जमावा लागतो. सोमवार अमक्याचा, मंगळवार तमक्याचा, ते चक्र व्यापाऱ्याच्या पायाने बसलेलं असतं. गुरुवार एकदा सुटला की दुसरं गाव तो घेऊन टाकतं.

पेशवाईत नवी पेठ वसवायची तर कौल द्यायचे. अमुक वर्षं जकात नाही, शेटे-महाजन नेमायचे, उदमी माणसांना बोलावून घरं बांधायला जागा द्यायची. वरचा ताम्रपट वाचला तेव्हा मला तेच आठवलं. मधे हजार वर्षं गेली, पद्धत तीच. आपल्या वेळेला ती कुठे हरवली कोण जाणे.

---

कसारा_डाऊन

चालू काळातलंही एक घ्या. इगतपुरी-कसारा पट्ट्यातले जुन्या हायवेवरचे ढाबे. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. आमच्या काकाचं हॉटेल घाटाआधी आहे. पूर्वी नाशिकची गाडी घाट उतरायच्या आधी थांबायचीच, पोरांना उलटी होते म्हणून आलं-लिंबू, चहा, बाथरूम. आता बऱ्याच गाड्या वरच्या वर बोगद्यातून जातात. काका म्हणतो, ट्रकवाले आहेत तोवर आहे.

अजून बंद वगैरे काही नाही. पण पूर्वी रात्रपाळीला दोन माणसं होती, आता एक आहे. गाव बसायला किती काळ लागतो ते इतिहासवाल्यांनी सांगावं, आम्हाला पुढचं भाडं भरायचंय.

---

सातपूरचा

आणि जी गावं बाजार येऊन संपली त्यांचं काय? आमचं सातपूर शेतकऱ्यांचं गाव होतं. एमआयडीसी आली, १९८२ ला महापालिकेत गेलो. व्यापारी पळून गेला म्हणून नाही, सगळेच इथे आले म्हणून गाव गेलं. आता सातपूर गाव हा रिक्षाचा स्टॉप आहे. गंगाघाटभाऊंच्या नियमात हे बसवून दाखवा.

---

गंगाघाट

सातपूरकर, नाही बसत, आणि ओढूनताणून बसवतही नाही. मी पेठ मरते त्याबद्दल लिहिलं, तुम्ही गाव शहर होऊन विरतं त्याबद्दल लिहिताय. तुमच्याकडे पांढरीवर आता पाच मजले आहेत, खापरी निघाली तरी ती जेसीबीत जाते. वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

पाणीखालचे ताई, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा चांगला आहे. गुरुवार दुसऱ्या गावाने घेतला, हे मला हवं होतं आणि सापडत नव्हतं.

ताम्रपटातलं एक राहिलं होतं. सवलतींबरोबर दंडही ठरवून दिलेत. कुमारिकेवर अत्याचार केला तर १०८ रूपक (तेव्हाची नाणी). कान तोडला तर १६, डोकं फोडलं तर ४. दंड आधीच ठरलेला असला की अधिकाऱ्याला मनाला येईल तसं उकळता येत नाही. नव्या ठिकाणी दुकान टाकायला येणाऱ्याला जकातमाफीइतकीच ही गोष्ट महत्त्वाची वाटली असेल.

---

चिकित्सक_नाना

हे दंडाचं पटलं. डोकं फोडायला चारच रूपक म्हणजे पेठेत भांडणं नेहमीची असणार.

पण माझी मूळ शंका आहेच. तुमचे सगळे पुरावे दगडाचे आणि तांब्याचे. दुकानं लाकडा-मातीची होती, ती गेली. ज्या पेठेने देवळाला दान दिलं तिची नोंद राहिली. ज्या पेठेने दान दिलं नाही, किंवा दिलं आणि कोरलं नाही, ती आपल्या लेखी झालीच नाही. अंजनेरीपेक्षा मोठा बाजार दोन डोंगर पलीकडे असेल आणि आज तिथे भात लावत असतील. तेव्हा अंजनेरीचा बाजार कुठे गेला यापेक्षा आपल्याला अंजनेरीचाच का माहीत आहे, हा प्रश्न मोठा.

---

लेणीवेडी

नाना, मग जोगलटेंभीचं घ्या. सिन्नर तालुक्यातलं छोटं गाव. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी, नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. राज्य बदललं पण चांदी तीच चालू ठेवली. तिथे ना लेणं, ना शिलालेख. हा साठा निघाला नसता तर आपण जोगलटेंभीचं नाव घेतलं नसतं.

---

चिकित्सक_नाना

साठा पेठेतच असतो असं कुठाय? पळणारा माणूस रानातही पुरतो. पण उदाहरण चांगलं दिलंत, रात्री विचार करतो.

---

तर्रीबाज

ह्या नाण्यांपैकी काही बघायला मिळतील का कुठे? अंजनेरीच्या रस्त्यावर नाण्यांची संस्था आहे ना?

---

लेणीवेडी

हो, नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० मध्ये परमेश्वरीलाल गुप्तांनी सुरू केलेली. तिथे संग्रहालयही आहे. जोगलटेंभीची नाणी वेगवेगळ्या संग्रहांत विखुरली, पण नहपानाचं नाणं कसं असतं ते समजून घ्यायचं तर तिथे जा. जायच्या आधी फोन करून वेळ विचारा. आणि मंदिरं बघायची तर दसऱ्यानंतर जा, पावसाळ्यात चौथऱ्यांवर शेवाळ असतं आणि गवतात पाय कुठे पडतो ते दिसत नाही. शिलालेखाला हात लावू नका, खडू फासू नका.

---

निवृत्त_तलाठी

दसऱ्यानंतर मीही येतो. शिवेच्या जुन्या दगडांची मला सवय आहे, गावाची जुनी हद्द कुठवर होती ते चालून बघू. सातपूरकरांनी रिक्षा आणावी.